जुन्या गाडीचा ब्रेक चिकटत असेल तर: कॅलिपरची तपासणी आणि दुरुस्ती

पंधरा वर्षांहून जुन्या अल्टो, झेन, वॅगन आर, सँट्रो आणि इंडिका नागपुरात आजही रोजच्या कामाला धावतात. यांतील बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात, आणि गाडीचे वय झाले की पुढच्या ब्रेकमध्ये एक ठरावीक तक्रार सुरू होते: पेडलवरून पाय उचलला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही. गाडी एका बाजूला ओढते, न्यूट्रलमध्ये सोडली तर लवकर थांबते, पेट्रोल जास्त पिते, आणि व्हरायटी चौकाच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर एकाच चाकाजवळ जळका वास येतो. गॅरेजमध्ये याला ‘ब्रेक पकडतो आहे’ किंवा ‘चाक जाम येते’ असे म्हणतात.

गाडीचे काम स्वतः करण्याची इच्छा असलेल्या, पण ब्रेकला अद्याप हात न लावलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. त्यात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: नेमके काय चिकटते आहे हे कळल्याशिवाय एकही नवा भाग विकत घेऊ नये. चालकाच्या जागेवरून एकसारखे वाटणारे हे दुखणे किमान चार वेगवेगळ्या ठिकाणी असू शकते. आधी पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून गाडी थांबवणाऱ्या अस्तर लावलेल्या पट्ट्या) बदलले, मग अख्खा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा जबडा) बदलला आणि शेवटी दोष काही शे रुपयांच्या रबरी होजमध्ये (कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणाऱ्या नळीत) निघाला, असे प्रकार सर्रास घडतात.

कॅलिपर सुटतो कसा

दुरुस्तीपूर्वी कार्यपद्धती समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या तिच्यावर उभ्या आहेत. या गाड्यांतील कॅलिपर तरंगता असतो, म्हणजे त्याला एकच पिस्टन असतो आणि तोही आतल्या बाजूला. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येऊन आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच वेळी कॅलिपरचे धूड दोन गुळगुळीत पिनांवरून उलट दिशेला सरकते आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणते. या पिनांना गाइड पिन किंवा स्लाइड पिन म्हणतात.

पाय उचलल्यावर पिस्टनला मागे खेचणारी कोणतीही स्प्रिंग आत नसते, ही गोष्ट नवख्यांना माहीत नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित पिळली जाते आणि दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनलाही मागे घेते. हे मागे येणे मिलिमीटरच्या काही अंशांइतकेच असते. एवढ्या तुटपुंज्या हालचालीवर ब्रेकचे सुटणे अवलंबून असल्यामुळे पिस्टनवरचा थोडासा गंज, पिनेवरचे वाळलेले ग्रीस किंवा होजमध्ये अडकलेला थोडासा दाबही ब्रेक धरून ठेवायला पुरतो.

नागपूरचे हवामान या यंत्रणेला विशेष जाचक आहे. मेअखेरच्या नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उन्हात उभ्या गाडीचे रबरी बूट (पिना आणि पिस्टनवरची आवरणे) कडक होऊन तडकतात, पिनांवरचे ग्रीस आटते, आणि सिमेंट रस्त्यांची बारीक धूळ त्या तडांतून आत जाते. मृग लागला की त्याच तडांतून पाणी शिरते आणि पोळ्यापर्यंत आत गंज धरतो. जी गाडी उन्हाळाभर झाकून ठेवून पावसाळ्यात बाहेर काढली जाते, तिच्यात हा दोष रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर दिसतो.

जागा, साहित्य आणि सुरक्षितता

काम सपाट, कठीण जमिनीवर करावे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी डांबर इतके मऊ होते की जॅकचा पाय त्यात हळूहळू रुततो आणि गाडी कलते, म्हणून डांबरावर काम टाळावे. पेव्हर ब्लॉकवर करावे लागले तर जॅकखाली जाड लाकडी फळी टाकावी. सकाळी लवकर सुरुवात केल्यास ऊन चढण्यापूर्वी एक बाजू आटोपते. गाडी जॅकवर उचलल्यानंतर तिचा भार जॅक स्टँडवर घेणे सक्तीचे समजावे. विटांवर गाडी टेकवू नये, कारण वीट पूर्वसूचना न देता फुटते. हँडब्रेक ओढावा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा.

साहित्यात व्हील पाना, रिंग पान्यांचा संच, शक्य असल्यास टॉर्क रिंच (ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना), सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, कॅलिपरच्या ब्लीडर निपलवर (ऑइल आणि हवा बाहेर काढण्याच्या लहान स्क्रूवर) घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली आणि गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर छापलेल्या दर्जाचे ब्रेक ऑइल लागते. बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ चालते. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे ऑइल असून ते यात मिसळू नये. ऑइल सीलबंद बाटलीतलेच घ्यावे, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ते रंगावर सांडले तर रंग उकलतो, म्हणून मडगार्डवर ओले फडके टाकावे आणि सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

ग्रीसबाबत तडजोड करू नये. पिनांसाठी सिलिकॉनचे किंवा कॅलिपरसाठीच बनवलेले ग्रीस मागून घ्यावे. बेअरिंगला लावतात ते साधे ग्रीस खनिज तेलाचे असते, त्याने रबरी बूट आणि बुश फुगतात आणि मोकळी केलेली पिन काही आठवड्यांत पूर्वीपेक्षा घट्ट बसते. याच कारणामुळे सील किंवा बूट पेट्रोल, डिझेल अथवा रॉकेलने धुवू नयेत. ब्रेकवरची काळी भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नये, कारण जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. मास्क लावून ती क्लीनरने ओली करून पुसावी.

दोष कुठे आहे हे ठरवणे

गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवावी आणि शेवटचा टप्पा शक्यतो कमी ब्रेक वापरून संपवावा. उतरून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हाताचा तळवा न्यावा, डिस्कला स्पर्श करू नये. एका बाजूची धग स्पष्टपणे जास्त असेल तर ती बाजू दोषी आहे. दोन्ही बाजू सारख्याच तापत असतील तर संशय कॅलिपरपेक्षा मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या भागाकडे) वळवावा आणि आधी पेडलला वरच्या टोकाशी थोडा मोकळा खेळ आहे का ते पाहावे. तो नसेल तर पेडलकडून येणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, मास्टर सिलिंडरला सतत किंचित दाबून ठेवतो आणि ऑइल टाकीत परतू शकत नाही.

दोषी चाक उचलून स्टँडवर घ्यावे, सहकाऱ्याला पेडल तीन-चार वेळा जोरात दाबून सोडायला सांगावे आणि लगेच चाक हाताने फिरवून पाहावे. पॅड घासल्याचा हलका आवाज येणे स्वाभाविक आहे, परंतु चाक दोन्ही हातांनीही फिरत नसेल तर ब्रेक धरलेला आहे. आता याच अवस्थेत कॅलिपरच्या ब्लीडर निपलला नळी लावून निपल अर्धा फेरा उघडावे. येथे जे दिसते त्यावर पुढचे सगळे काम ठरते, म्हणून ही पायरी घाईने उरकू नये. नळीत ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक एकदम मोकळे झाले, तर कॅलिपर चांगला आहे. वरून आलेला दाब परत जात नव्हता, इतकेच. ऑइलचे दोन-चार थेंब आले आणि चाक तसेच अडले, तर दोष यांत्रिक आहे, म्हणजे पिना, पिस्टन किंवा पॅडच्या बसण्याच्या जागा.

दाब अडकलेला आढळल्यास निपल बंद करून पुन्हा पेडल दाबून चाक धरवावे आणि या वेळी होज जिथे लोखंडी पाइपाला जोडला आहे तो वरचा सांधा किंचित सैल करावा. तिथे सैल केल्यावरही चाक धरलेलेच राहिले, पण निपल उघडताच सुटले, तर होज आतून फुगलेला आहे. जुन्या होजचे आतले रबर सुटून झडपेसारखे वागते: पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, पण सीलच्या क्षीण ओढीने मागे येऊ शकत नाही. बाहेरून असा होज धडधाकट दिसतो, त्यामुळे केवळ डोळ्यांनी पाहून त्याला निर्दोष ठरवू नये. होज दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत आणि त्यानंतर ब्रेकची हवा काढावी (पद्धत पुढे दिली आहे). वरचा सांधा सैल करताच चाक सुटले तर अडथळा त्याहून वर, बहुधा मास्टर सिलिंडरमध्ये आहे, आणि ते काम नवख्याने मेकॅनिककडे सोपवणे योग्य. निपल किंवा सांधा उघडला असेल तर पुन्हा घट्ट करून, हवा काढून मगच गाडी चालवावी.

गंजलेले निपल ताकदीने फिरवू नये, ते मोडते. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा, सहा कोनांचाच सॉकेट वापरावा, आणि उघडण्यापूर्वी किंचित आवळण्याच्या दिशेने हलका झटका द्यावा.

पिना मोकळ्या करणे

यांत्रिक दोषांपैकी सर्वाधिक वेळा सापडतो तो पिनांचा, आणि त्याची दुरुस्ती सर्वांत स्वस्त आहे. चाक काढून कॅलिपरचा खालचा बोल्ट काढावा आणि कॅलिपर वर फिरवावा. वर फिरत नसेल तर दोन्ही बोल्ट काढून तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधावा. होजवर लोंबकळत सोडू नये.

पॅड बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवावेत आणि त्यांची झीज वाचावी. बाहेरचा पॅड आतल्यापेक्षा जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनांवरून परत सरकत नाही. आतला जास्त झिजला असेल तर पिस्टनवर संशय घ्यावा, आणि एकच पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड झाला असेल तर दोनपैकी एक पिन अडलेली असते. अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास उरले असल्यास दुरुस्तीनंतर नवे पॅड टाकावेत, आणि तेही दोन्ही चाकांना.

आता प्रत्येक पिन बोटांनी ओढून पाहावी. निरोगी पिन ओढली की अलगद बाहेर येते आणि सोडली की बुटातल्या हवेने किंचित आत जाते. अडलेली पिन पक्कडीने फिरवत काढावी लागते, आणि निघाल्यावर तिच्यावरचे ग्रीस वाळलेल्या डिंकासारखे तपकिरी, टणक झालेले दिसते; बुटाच्या तोंडाशी, जिथून पाणी शिरले तिथे, गंजाचे कडे पडलेले असते. अनेक कॅलिपरांत दोन पिना सारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. म्हणून कोणती वरची आणि कोणती खालची हे फोटो काढून नोंदवावे. पिन बारीक पॉलिश पेपरने साफ करावी. खड्डे पडले असतील तर ती घासून चालवू नये, पिनांचा संच बदलावा. भोक क्लीनर आणि गुंडाळलेल्या कापडाने आतपर्यंत पुसून पूर्ण कोरडे करावे. ग्रीस पातळ थरात लावावे, कारण भोकात ठासून भरले तर आतली हवा कोंडते आणि तीच पिनेला बाहेर ढकलते. फाटलेला बूट परत बसवू नये. संपूर्ण दुरुस्तीचे आयुष्य त्या लहानशा रबरावर ठरते.

पॅडचे कान ज्या खाचांत बसतात त्याही पाहाव्यात. तिथल्या स्टीलच्या पट्ट्या काढल्या की खाली गंजाचा फुगवटा दिसतो आणि तो पॅडला चिमटीत धरतो. तारेच्या ब्रशने मूळ धातू दिसेपर्यंत साफ करावे, पट्ट्या परत बसवाव्यात आणि पॅड हाताने सहज सरकतो याची खात्री करावी. ग्रीसचा अंश अस्तराला किंवा डिस्कला लागता कामा नये.

पिस्टनची परीक्षा आणि सील बदलणे

कॅलिपर उघडलेला असतानाच पिस्टन तपासावा. निपलला नळी लावून ते उघडावे, पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्प हळूहळू आवळावा, म्हणजे कॅलिपरमधले मळके ऑइल वर न जाता बाटलीत उतरते. पिस्टन आत गेल्यावर क्लॅम्प सैल करण्यापूर्वी निपल बंद करावे, नाहीतर हवा आत जाते. बोटांच्या जोराने आवळलेल्या क्लॅम्पने पिस्टन सरळ, एकसारख्या वेगाने आत जायला हवा. तो अडखळत, तिरका किंवा पान्याचा जोर लावल्यावरच जात असेल तर सील किट बदलण्याची वेळ आली आहे. ज्या गाड्यांत मागेही डिस्क असून हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये आहे, तिथे पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. त्यावर क्लॅम्प लावल्यास आतली यंत्रणा तुटते.

पिस्टन बाहेर काढण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग ब्रेकच्याच दाबाचा आहे. कॅलिपर होजला जोडलेला असतानाच, जबड्यात लाकडी ठोकळा ठेवून सहकाऱ्याने पेडल सावकाश दाबावे, म्हणजे पिस्टन हळूहळू ठोकळ्याला येऊन टेकतो. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरच्या हवेने तो उडवण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु सुटलेला पिस्टन गोळीसारख्या वेगाने येतो आणि मध्ये बोट असेल तर ते चिरडते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. होज सोडण्यापूर्वी पेडल इंचभर दाबून काठीने सीटला टेकवून अडकवावे. त्यामुळे टाकीकडून येणारा मार्ग बंद होतो आणि सगळे ऑइल गळून जात नाही. या काळात मागचे ब्रेकचे दिवे जळत राहतात, म्हणून त्यांचा फ्यूज काढून ठेवावा.

पिस्टन हातात आल्यावर त्याचा सीलखाली फिरणारा भाग उजेडात फिरवून बघावा. वरवरचा डाग पॉलिश पेपरने निघतो. नखाला लागणारा खड्डा असेल तर पिस्टन बदलावा, कारण क्रोमचा मुलामा गेलेल्या जागी गंज परत येतो. पिस्टन ज्या सिलिंडरमध्ये सरकतो त्याच्या आत खोल ओरखडे असतील तर नवी सील टाकण्यात अर्थ नाही, पूर्ण कॅलिपर बदलावा. जुनी सील लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने काढावी, स्क्रू ड्रायव्हरने खाचेला ओरखडा पडतो. खाचेच्या तळाशी बसलेला पांढरट थर पूर्ण निघायला हवा, कारण तो राहिला तर नवी सील पिस्टनला जास्त आवळते आणि नव्या किटसह ब्रेक पुन्हा चिकटतो. ही साफसफाई कंटाळवाणी आहे आणि ती टाळली जाते, पण किट बदलूनही तक्रार राहण्याचे हे मोठे कारण आहे.

नवी सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून खाचेत बसवावी आणि ती कुठे पिळलेली नाही ना हे बोट गोल फिरवून तपासावे. डस्ट बूट आधी पिस्टनवर चढवायचा की कॅलिपरमध्ये बसवायचा, हा क्रम मॉडेलनुसार बदलतो, म्हणून काढताना तो लक्षात ठेवावा. पिस्टनला ऑइल लावून दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबावा. अंगठ्यांच्या जोराने जात नसेल तर थांबून बाहेर काढावा, हातोडी वापरू नये. होज बसवताना तांब्याचे वॉशर नवेच टाकावेत. एका बाजूचे किट बदलले की दुसऱ्या बाजूचेही बदलावे, अन्यथा दोन चाकांचे ब्रेक असमान लागतात.

हवा काढणे आणि चाचणी

पेडलची काठी काढून आणि फ्यूज परत बसवून सुरुवात करावी. टाकी पूर्ण भरावी आणि संपूर्ण वेळ ती रिकामी होऊ देऊ नये. निपलच्या नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेले असावे. सहकाऱ्याने पेडल दाबून धरावे, आपण निपल उघडावे, बुडबुडे येऊ द्यावेत, निपल बंद करावे आणि त्यानंतरच सहकाऱ्याला पाय उचलायला सांगावे. हा क्रम उलटला तर हवा आत खेचली जाते. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नये, कारण मास्टर सिलिंडरचा एरवी न वापरला जाणारा भाग आतून गंजलेला असतो आणि तिथे रबर फाटते. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला की हा धोका टळतो. टाकी मध्येच कोरडी पडली असेल तर चारही चाकांची हवा काढावी लागते, आणि आपल्याकडील उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत सुरुवात सहसा सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून होते. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तो पाळावा. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचे हे काम पुस्तिका पाहिल्याशिवाय करू नये. काढलेले ऑइल नालीत ओतू नये, बाटलीत भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

चाक बसवून, नट पुस्तिकेतील टॉर्कने आवळून, इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे. हे विसरल्यास पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, कारण मागे ढकललेला पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेला नसतो. पेडल स्पंजासारखे दबत असेल तर गाडी जागेवरून हलवू नये, पुन्हा हवा काढावी. नंतर इंजिन सुरू करून पेडल जोरात अर्धा मिनिट धरून ठेवावे आणि होजच्या सांध्याशी, निपलशी ओल येते का ते पाहावे.

पहिली फेरी घराजवळच्या मोकळ्या गल्लीत, कमी वेगाने घ्यावी. त्यानंतर पहाटे वाहतूक नसताना सेमिनरी हिल्सचा सौम्य उतार चांगला उपयोगी पडतो: उतारावर डाव्या कडेला, इंजिन सुरू ठेवून गाडी थांबवावी, न्यूट्रलमध्ये पेडल सोडावे, आणि गाडी क्षणाचाही विलंब न लावता आपोआप सरकू लागली तर ब्रेक सुटतो आहे. नवे पॅड टाकले असतील तर ५० किलोमीटरच्या वेगावरून १५-२० पर्यंत हळूहळू कमी करण्याची क्रिया मध्ये थंड होण्यास वेळ देत आठ-दहा वेळा करावी, आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नये. परतल्यावर पुन्हा दोन्ही चाकांजवळ तळवा न्यावा. दोन्हीकडची धग आता सारखी लागायला हवी.

आठवडाभराने चाकांचे नट पुन्हा तपासावेत, टायरच्या आतल्या बाजूला ओलसर डाग आहे का ते पाहावे आणि टाकीतील ऑइलची पातळी खुणेशी ताडावी. पातळी उतरली असेल तर नुसते ऑइल भरून पुढे जाऊ नये, गळती शोधावी. पिनांचे ग्रीस दर वर्षी मे संपण्यापूर्वी नवे करावे आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. नोंदणीला १५ वर्षे पूर्ण होऊन नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यायची असेल, तर हे काम तपासणीच्या किमान दोन आठवडे आधी करावे, म्हणजे पॅड बसायला आणि राहिलेली एखादी उणीव लक्षात यायला वेळ मिळतो.